तापीच्या बेटावरची सात घरटी

१

पाच नंबरच्या घरट्यात अंडी नव्हती.

घरटं म्हणजे तरी काय, वाळूतला बोटभर खोल खळगा. सुरय हा नदीचा पक्षी काड्या जमवत बसत नाही. पोटाने वाळू दाबतो आणि तिथेच अंडी घालतो. काल संध्याकाळी त्या खळग्यात तीन अंडी होती, वाळूच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची. आज सकाळी सात वाजता खळगा जागच्या जागी होता, त्याच्याभोवती मांडलेलं दगडांचं कडं होतं, अंडी तेवढी नव्हती. टरफलाचा तुकडासुद्धा पडला नव्हता.

"चौथं," संघमित्रा म्हणाली. "सहा दिवसांत चौथं."

द्रौपदाबाई लुगडं वर खोचून गुडघाभर पाण्यातून बेटावर आल्या होत्या. सत्तरीच्या बाईला पोरांनी हाका मारून बोलावलं, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे त्यांनी आवाजावरून ओळखलं होतं. त्यांची डांगराची, म्हणजे खरबुजांची, वाडी अलीकडच्या काठावर, नदीच्या वाळूतच. अलीकडचा काठ जळगाव जिल्ह्याचा, पलीकडचा धुळ्याचा, आणि हे बेट मधोमध.

म्हणूनच तर दोन गट जमले होते. अमळनेरची संघमित्रा आणि प्रशील, दोंडाईचाची दिपमाला आणि भूपेंद्र. चौघंही कॉलेजात शिकणारी, चौघांनाही पक्ष्यांचं वेड. दोन वर्षांपासून त्यांची चढाओढ चालू होती आणि तिचा नियम एकच होता: पाहिलेला पक्षी वहीत तेव्हाच खरा, जेव्हा समोरच्या गटातलं कोणीतरी साक्षीदार म्हणून सही करील. आपल्या माणसाची सही चालत नसे. त्यामुळे भांडत भांडत का होईना, त्यांना एकमेकांना बोलावून पक्षी दाखवावा लागे. वही मात्र दोन्ही गट एकमेकांकडे ठेवू देत नसत. ती द्रौपदाबाईंच्या झोपडीत, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असे.

या उन्हाळ्याची पैज घरट्यांची होती. ज्या गटाच्या घरट्यांतून जास्त पिल्लं निघतील, तो जिंकला. बेटावर सात घरटी सापडली. अमळनेरने आपल्या घरट्यांभोवती चुना फासलेले पांढरे दगड मांडले, दोंडाईचाने गेरू फासलेले तांबडे.

"एक, दोन, चार आमची. ती गेली," संघमित्रा बोटांवर मोजत म्हणाली. "तीन आणि सहा यांची. त्यांना धक्का नाही. हे काय आपोआप होतं?"

"तुझं म्हणणं काय आहे, सरळ बोल ना," भूपेंद्र म्हणाला.

"सरळच बोलते. इकडे या."

तिने वीस पावलांवर बोट दाखवलं. ओल्या वाळूत चपलांचे लहान ठसे पलीकडच्या काठावरून आले होते आणि एका जागी वाळू बसून बसून दबली होती. ठसे ताजे होते.

सगळ्यांनी दिपमालाच्या पायांकडे पाहिलं.

दिपमालाने पाय मागे घेतला.

२

"मी आज आले होते," ती म्हणाली. "आजच नाही, रोज येते. पहाटे. पाच नंबर मी आणि प्रशीलने मिळून शोधलं होतं, ते जाऊ नये म्हणून राखण करत होते. आज मला उशीर झाला. पोचले तेव्हा अंडी गेलेली होती."

"मग आरडाओरडा का नाही केलास? परत का गेलीस?"

दिपमालाने नजर पाण्याकडे वळवली.

"चांगलंय," संघमित्रा म्हणाली. "उद्या सकाळी दहापर्यंत अंडी कुठे गेली ते सांग. नाहीतर मी वनखात्याला कळवते आणि तुझ्या पप्पांना फोन करते."

दिपमालाचा चेहरा एकदम उतरला. वनखात्याच्या नावाने नाही, पप्पांच्या. द्रौपदाबाईंनी ते टिपलं.

उन्हं चढल्यावर सगळे झोपडीपुढच्या मांडवात बसले. द्रौपदाबाईंनी एकेकाला आत बोलावलं. कोणी त्यांना तपास करायला सांगितलं नव्हतं. पण वही त्यांच्या डब्यातली, तेव्हा वहीवर उठलेला आळ आपल्याही दारात आला, असं त्यांना वाटलं.

दिपमाला आधी आली.

"पोरी, बापनं नाव घेतं आन् तू पांढरीफटक पडनी. काब्रं?"

"घरी माहीत नाही, अक्का. मी पलीकडच्या गावात मामांकडे शिवणक्लाससाठी राहते असं सांगितलंय. पप्पांना कळलं तर नदी बंद. आणि नदीच नाही, जूनमध्ये पुढच्या शिक्षणाला धुळ्याच्या कॉलेजात जायचं ठरलंय, तेही बंद. ते म्हणतील, हिच्यावर विश्वास टाकला आणि ही नदीत एकटी फिरत होती. म्हणून मी सकाळी ओरडले नाही. ओरडले असते तर पहाटे इथे काय करत होतीस, हे आधी विचारलं असतं."

भूपेंद्र आला तो घुश्श्यात. "अक्का, आम्हाला जिंकायचंय, पण असं नाही. आणि पाच नंबर तर दोघांचं होतं. त्याला पांढरे दगडही होते आणि आमचे तांबडेही. आपलंच घरटं कोण मोडेल?"

"संघमित्रा म्हनस, संशय येवाले नको म्हनीसन."

"तिला काय, ती काहीही म्हणेल."

प्रशील सगळ्यात शेवटी आला. मुळात अबोल पोरगा. "दिपमाला असं करणार नाही," एवढंच म्हणाला. मग जरा थांबून, "पण अक्का, माणसाशिवाय दुसरं कोण? कोल्ह्याचे पाय नाहीत, कुत्र्याचे नाहीत, सापाची सरक नाही. मी चारही जागा बघितल्या. आमचेच ठसे, तेही आदल्या दिवशीचे."

द्रौपदाबाईंनी वही मांडीवर घेतली. चष्मा लावला. अक्षर लावायला त्यांना वेळ लागे. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या गिरवायला बसल्या होत्या, संघमित्राच्या आईने, सविताबाईंनी, चालवलेल्या वर्गात. अजूनही त्या बोट ठेवून वाचत, आणि बोट ठेवून वाचणाऱ्याच्या नजरेतून ओळ सुटत नाही.

खंड्या. ढोकरी. टिटवी. शेकाट्या. धोबी. पाणकावळा. पानामागून पान झालं. शेवटी सात घरट्यांची यादी, प्रत्येकापुढे जागा लिहिलेली: झाऊच्या झुडपापासून किती पावलं, कोणत्या दिशेला.

"हाई वहीमा बठ्ठा पक्षी शेतस," त्या मांडवात येऊन म्हणाल्या. "साधा कावळा कोठे शे?"

एवढ्या तणावातही चौघं हसली.

"अक्का, कावळा कोण लिहितो?" भूपेंद्र म्हणाला. "कावळ्याचा गुण धरायचा तर आमच्या गल्लीतच जिंकलो असतो."

"त्याला साक्षीदार कशाला आणायचा?" संघमित्राही हसली. मग आपण कोणाबरोबर हसतोय हे ध्यानात येऊन तिने तोंड फिरवलं.

द्रौपदाबाईंनी वही मिटली आणि पुन्हा उघडली. सात नंबरच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं होतं.

३

"सात नंबर कोनं?"

"आमचं. सुरयचंच, तीन अंडी," संघमित्रा म्हणाली. "पण त्याला दगड नाहीत. तेव्हा चुना संपला होता."

"अमळनेरनं घरटं. उतारपासून सगळास्मा जवळ. वहीमा जागा लिखेल. मंग ते कसं ऱ्हायनं?"

"देखा," द्रौपदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज हळू झाला. "अमळनेरले हरवानं म्हनीसन कोनी अंडी नेतस, तर त्यानी पहिलं सात नंबर उचलतं. पानीमातून निंघालं का दहा पावलंवर ते शे. पन चोर त्याना जवळून गया आन् थेट पाचवर पोचना. वही वाचेल मानूस असं करावं नही." आणि मग, "चोरले वाचता येस नही."

एवढं बोलून त्यांना स्वतःचंच आठवलं. अक्षर येत नव्हतं तेव्हा अमळनेरच्या स्टँडवर त्या गाडीची पाटी बघत नसत. कोणाच्या डोक्यावर कसली टोपली, कोणत्या बाईच्या हातात कोणती पिशवी, हे बघून गाडीत चढत. दोनदा चुकून भलत्याच गावी उतरल्या होत्या. वाडीतल्या आळ्यांनाही त्या चुन्याचे ठिपके देत, कुठलं बी कुठे टाकलंय ते कळावं म्हणून. ज्याला अक्षर नाही तो खुणेवर चालतो.

"पांढरा दगड जठे, तठेच चोरी," त्या म्हणाल्या. "नुसता तांबडा दगड, तठे नही. पाचले दोन्ही रंग व्हतात, ते गयं. सातले काहीच नव्हतं, ते ऱ्हायनं. चोर चुना देखीसन चालस."

"म्हणजे दिपमाला नाही!" प्रशील उठूनच उभा राहिला.

"वाचता न येणारा, आणि रोज नदीवर असणारा," भूपेंद्र सावकाश म्हणाला. त्याची नजर पाण्याकडे गेली होती. "पुना."

तेवढ्यात पुना खांद्यावर जाळं टाकून मांडवाकडेच येत होता. चाळिशीचा काटक मासेमार, बेटाला रोज होडी लावणारा. त्याने शेवटचे शब्द ऐकले होते.

"माले अक्षर येस नही, हाई खरं शे," तो म्हणाला. पोरांकडे त्याने बघितलंही नाही. "पन अक्का, तू बी?"

द्रौपदाबाईंच्या स्वतःच्याच तोंडून निघालेल्या वाक्यावर बोट ठेवून पोरांनी एका गरीब माणसाला उभं केलं होतं. आणि सांगायचं तर वाक्य खोटंही नव्हतं.

"मी काय करू आंडास्नं? माले मासाच पुरतस," पुना म्हणाला. "आन् ती पोर चोर नही. रोज सकायले येस, दूर बशी ऱ्हास. हात लावत नही."

तो निघून गेला. जाळ्यातलं पाणी वाटभर ठिबकत होतं.

"तो असं म्हणणारच," भूपेंद्र म्हणाला.

"गप बस," द्रौपदाबाई पहिल्यांदाच ओरडल्या. "चाल मन्हासंगे. बठ्ठा चाला."

४

बेटावर त्यांनी सात नंबर दुरूनच दाखवलं. सुरयची मादी अंड्यांवर बसली होती. तिच्या अलीकडे वाळूत पुनाची होडी ओढल्याची रेघ होती. पाण्यापासून रेघ सरळ आली होती, घरट्याच्या चार हात आधी वळली होती, घरट्याला वळसा घालून पुन्हा सरळ गेली होती. शेजारी जुन्या, वाऱ्याने पुसट झालेल्या रेघा होत्या. सगळ्या तिथेच वळलेल्या.

"दगड नही, खून नही, तरी त्याले म्हाइत शे अठे आंडा शेतस," द्रौपदाबाई म्हणाल्या. "रोज भरेल होडी वळाई लेस. ज्याले चुन्याबिगर दिसस, तो चुना कसाले शोधी?"

भूपेंद्रने मान खाली घातली.

"मग उरलं कोण?" संघमित्राने विचारलं. तिच्या आवाजातली धार आता कमी झाली होती.

द्रौपदाबाईंच्या मनात एक गोष्ट आली होती, पण ती बोलायची त्यांना भीती वाटत होती, कारण ती खरी निघाली तर तिचं एक टोक त्यांच्याच झोपडीत येत होतं. त्यांनी एक, दोन आणि चारचे रिकामे पडलेले पांढरे दगड गोळा करायला लावले. बेटाच्या वरच्या टोकाला, जिथे कुठलंच घरटं नव्हतं, तिथे त्यांचं कोरं कडं मांडलं. आत काही ठेवलं नाही. झाऊची फांदी फिरवून भोवतालची वाळू गुळगुळीत केली.

"आज अठे बठ्ठा मन्हाकडे मुक्काम. दिपमाला बी, मी तिना मामाले सांगस. कोनी नजरआड व्हवानं नही. उजाडलं का देखू."

प्रशील संध्याकाळी पाणी आणायला म्हणून गेला तेवढाच अर्धा तास नजरेआड होता. तेव्हा कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

उजाडलं तेव्हा चौघं आणि द्रौपदाबाई मांडवात ओळीने बसली होती. भूपेंद्रने दुर्बीण लावली होती. पाण्यावर वाफ होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दिपमाला मनगटावरचं घड्याळ सारखं बघत होती. दहा वाजायला अजून चार तास होते.

धुक्यातून होडी निघाली. पुना उभा राहून वल्हवत होता, थेट बेटाच्या वरच्या टोकाकडे.

"बघा," भूपेंद्र पुटपुटला. "अक्का, बघा तुम्हीच."

द्रौपदाबाईंनी मुठी आवळल्या. होडी कड्याजवळ आली. पुनाने वाकून पाण्यात हात घातला, जाळ्याची दोरी उचलली, दोन मासे सोडवून घेतले आणि होडी पुढे नेली. पांढऱ्या दगडांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

सगळ्यांचा रोखलेला श्वास सुटतोय तोच पलीकडच्या बाभळीवरून काहीतरी काळं उठलं.

डोमकावळा. तो घिरट्या घालत आला नाही, इकडेतिकडे शोधत बसला नाही. सरळ रेषेत आला आणि पांढऱ्या कड्यात मधोमध उतरला. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत चालला. मान वाकडी करून वाळू न्याहाळली. चोचीने एक दगड उलटवला. रिकामं आहे हे कळल्यावरही तो पुन्हा एकदा पहिल्यापासून सगळं कडं फिरला, जसा माणूस रिकाम्या डब्यात परत हात घालून बघतो.

"पहिलं घरटं त्याले सहज सापडनं व्हयी," द्रौपदाबाई म्हणाल्या. "मंग त्याले समजनं, पांढरा दगड म्हनजे आंडा. तुम्ही देखाले गयात का सुरय उडी जास. तुम्ही निंघनात का ती परत येवाना आधी हाऊ येस. उडनारानं पाऊल वाळूवर कितलं उमटी? आन् दिपमाला जवळ बशी ऱ्हाये तवलोंग पाच नंबर वाचनं. काल तिले उशीर व्हयना."

"त्याचे पायही असतील," प्रशील खालच्या आवाजात म्हणाला. "मी बघितलेही असतील. कावळ्याचे पाय म्हणून सोडून दिले."

"रोज समोर होता," भूपेंद्रने दुर्बीण खाली घेतली. "दोन वर्षांत एकदाही लिहिला नाही."

कावळा उडाला. बाभळीकडे न जाता बेटाच्या खालच्या टोकाकडे, उताराच्या बाजूला वळला.

प्रशीलच्या हातातला चहाचा कप खाली पडला.

"अक्का," तो म्हणाला. "काल संध्याकाळी मी... झोपडीमागे बादलीच्या तळाशी थोडा चुना उरलेला दिसला. चोर माणूसच असणार आणि रात्री आपण सगळे इथेच, असं धरून चाललो. सात नंबर उघडं आहे, पहाटेच्या अंधारात त्याच्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून... मी सातला दगड लावून आलो."

५

दिपमाला आधी पळाली. पाण्यात तिच्या चपला गेल्या, ओढणी गेली, ती थांबली नाही. तिच्यामागे संघमित्रा, मग दोघं पोरं. द्रौपदाबाईंना पळणं जमणार नव्हतं. त्या काठावरूनच पदर हलवून जिवाच्या आकांताने ओरडत राहिल्या.

सुरयची जोडी वरून कावळ्यावर सूर मारत होती, किंचाळत होती. तो मान आत ओढून प्रत्येक वार चुकवत होता आणि पांढऱ्या कड्याकडे एकेक उडी सरकत होता. दिपमालाने वाळूची मूठ फेकली. कावळा उठला तेव्हा त्याच्या चोचीत एक अंडं होतं.

खळग्यात दोन उरली होती.

"दगड उलटे कर!" दिपमाला ओरडली. "चुना खाली घाल!"

ज्या पोरीवर काल आळ घेतला तिच्या हुकमासरशी संघमित्रा गुडघ्यांवर बसली. दोघींनी मिळून दगड उलटे केले, ओली वाळू चोळली, मग एकेक करून ते नदीत भिरकावले. नखांत चुना, गुडघ्यांना खरचटलेलं. पाच मिनिटांत तिथे घरटं आहे हे त्यांचं त्यांनाही दिसेना. चौघं पाण्यात मागे हटली आणि कंबरभर पाण्यात न हलता उभी राहिली. सुरयची मादी एकदा वरून गेली, दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदा उतरली आणि पोट हलवत अंड्यांवर बसली.

बाभळीवर कावळा बराच वेळ बसून होता. मग उडून गेला.

परत आल्यावर प्रशील मांडवाच्या खांबाला टेकून बसला. "मी नेलं ते एक," तो म्हणाला. "माझ्या हाताने."

"तुना हातमा फक्त बादली व्हती," द्रौपदाबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. चष्मा लावला. पेन मुठीत धरल्यासारखं धरून त्या लिहायला लागल्या. वही त्यांच्याकडे होती दोन वर्षं, पण त्यांनी तिच्यात कधी अक्षर काढलं नव्हतं.

पोरं वाकून बघत होती. वर्गात शिकवलं होतं तसं, सुटं सुटं, ठळक अक्षर उमटत गेलं.

डोमकावळा. एक.

त्याच्याखाली: घराला लावायला आणलेला चुना मी दिला. दुरून दिसतो म्हणून दगडांना फासायला मीच सांगितलं. चुना माझा होता. द्रौपदाबाई.

"अक्का, हे कशाला?" संघमित्राने विचारलं.

"तुन्ही मायनीच शिकाडेल शे. देखं ते लिखानं." त्यांनी पेन पुढे केलं. "साक्षीदार कोन? दुसरा गटना पाहिजे."

आपण कुठल्या गटाच्या, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. भूपेंद्रने सही केली. मग पेन तसंच धरून तो म्हणाला, "पुनाभाऊंकडे जाऊन येतो." आणि कोणाच्या उत्तराची वाट न बघता उन्हातून काठाकाठाने चालू लागला.

दहा वाजले. संघमित्राने मोबाइल काढला, दिपमालाच्या पप्पांचा नंबर काढून ठेवला होता तो पुसून टाकला आणि मोबाइल दिपमालाला दिसेल असा धरला.

अकरा दिवसांनी सात नंबरमधून दोन पिल्लं निघाली. वाळूच्या रंगाची, डोळ्यांना दिसायलाच अवघड. पैजेच्या नियमाने ती अमळनेरची होती. पण त्या पहाटे राखणीला दिपमालाची पाळी होती, तिने आधी पाहिली, आणि तिनेच वहीत लिहिलं: सुरय, पिल्लं दोन, पाहणारी दिपमाला.

साक्षीदाराच्या जागी संघमित्राने सही केली. नावाखाली रेघ ओढली आणि वही डब्यात ठेवायला अक्कांकडे दिली.